बारा फुटांचा बेड, दोन माणसांचा ओला कचरा: एका परसदारातल्या गांडूळखताचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातलं एक रो-हाऊस. घरात दोघंच. काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, काकूंनी बरीच वर्षं बालवाडी चालवलेली. मुलगा आणि सून बंगळूरला. घरामागे साधारण २० बाय १५ फुटांचं परसदार. त्याची पूर्वेची बाजू शेजारच्या इमारतीच्या सावलीत, पश्चिमेच्या भिंतीवर मात्र दुपारचं ऊन थेट येतं. गच्चीत काकूंच्या पंचवीस-तीस कुंड्या. ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत.

सुरुवात मिळकतकराच्या बिलापासून झाली. गांडूळखत प्रकल्प असलेल्या मिळकतींना पुणे महापालिका करात सवलत देते, हे काकांच्या वाचनात आलं होतं. आयुष्य बँकेत गेलेला माणूस, मिळणारी सवलत सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. काकूंचं कारण वेगळं होतं. कुंड्यांसाठी दर दोन-तीन महिन्यांनी विकतचं खत आणावं लागायचं, आणि त्या पिशव्यांत खत किती अन् माती किती याचा त्यांना कधीच भरवसा वाटला नाही.

नोव्हेंबरात काकांनी शेतीसाहित्याच्या दुकानातून एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) कापडाचा, गांडूळखतासाठीचा तयार बेड आणला. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच. हे शेतकऱ्यांसाठीचं नेहमीचं माप. दुकानात तेवढंच होतं, किंमतही परवडणारी होती, आणि 'मोठं असलेलं बरं' या हिशेबाने ते घरी आलं. शहराबाहेरच्या एका गांडूळखत प्रकल्पातून दोन किलो गांडुळं आणली. तळाला विटांचे तुकडे, वर नारळाच्या शेंड्या, त्यावर शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा, सगळ्यावर ओलं गोणपाट. मांडणी पुस्तकात असते तशी अगदी व्यवस्थित.

मी आसपासच्या घरांना ओल्या कचऱ्याच्या कामात मदत करते, म्हणून फेब्रुवारीत काकांचा फोन आला. "अगं, गांडुळं उपाशी आहेत. त्यांच्यासाठी चारा लावायचाय. काय लावू ते सांग."

अडचण

बेड उघडून पाहिला तर बारा फुटांच्या लांबीत जेमतेम पाच इंचांचा थर पसरलेला. मधला सगळा भाग कोरडा, बोटांनी उकरला तर भुसभुशीत धूळ. गांडुळं होती, पण एका कोपऱ्यात, जिथे काकू रोज सकाळी डबा रिकामा करायच्या तिथे. उरलेल्या भागात मुंग्यांची वर्दळ. कोरडेपणा आणि गोडवा या दोन गोष्टींनी मुंग्या येतात, आणि इथे दोन्ही होतं. चहाचा चोथा दूध-साखरेसकट पडत होता.

काकांनी त्याआधी स्वतःच्या मनाने एक उपाय केला होता. जवळच्या गोठ्यातून चार घमेली शेण आणून त्याच दिवशी बेडमध्ये ओतलं. ताजं शेण कुजताना तापतं, त्यातून अमोनियाही निघतो. दुसऱ्या दिवशी गांडुळं बेडच्या कडांवर चढलेली दिसली, काही बाहेर पडून वाळली. शेण दहा-पंधरा दिवस मोकळ्यावर ठेवून, एकदा-दोनदा पाणी मारून मगच घालायचं असतं. या घटनेचा काकांनी लावलेला अर्थ मात्र असा की गांडुळांना शेण आवडत नाही, त्यांना हिरवा चाराच हवा.

म्हणून यादी तयार होती: गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), शेवगा, अळू, केळ, लाल भोपळा, कर्दळ, ताग. कुठे काय लावायचं याचा आराखडा आलेखाच्या कागदावर काढलेला, रंगीत पेन्सिलींनी.

मला अडचण चाऱ्याची वाटली नाही. दोन किलो गांडुळं चांगल्या परिस्थितीत रोज आपल्या वजनाच्या निम्मं, म्हणजे किलोभर खातील. दोघांच्या घरातला ओला कचरा रोज ४०० ते ५०० ग्रॅम. तफावत आहे, हे खरं. पण अन्न कमी पडलं की गांडुळं कोष (अंड्यांच्या कुप्या) कमी घालतात, संख्या हळूहळू अन्नाच्या बेताला येते. ती भुकेने मरत नव्हती. ती उथळ, कोरड्या आणि दुपारी तापणाऱ्या थरात अडकली होती. पुण्यातला मार्च-एप्रिल पुढे उभा होता आणि बेडवर पश्चिमेचं ऊन. थराचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की आयसेनिया फेटिडा ही आपल्याकडे सर्रास विकली जाणारी जात तग धरत नाही.

समोर असलेले पर्याय

काका, काकू आणि मी व्हरांड्यात बसून चार वाटा मांडल्या.

पहिली, बाहेरून माल आणायचा. मंडईतून उरलेली भाजी, गोठ्यातून शेण. माल भरपूर आणि जवळपास फुकट. पण दर आठवड्याला पोती वाहून आणणं हे सत्तरीच्या माणसाचं काम नव्हे, आणि मंडईच्या पोत्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, रबरं, सुतळ्या वेचत बसावं लागतं. काकूंनी ती वाट एका वाक्यात बंद केली: "निवृत्त झालात ते कचरा निवडायला नाही."

दुसरी, बेड विकून टाकायचा आणि भोकं पाडलेल्या दोन-तीन भाजीच्या क्रेट्समध्ये सगळं हलवायचं. दोन माणसांच्या घराला ते पुरतं. मी याच बाजूची होते. पण क्रेट लहान म्हणजे तापतोही लवकर आणि वाळतोही लवकर, आणि उन्हाळ्यात हे दोघं बंगळूरला जाऊन राहतात. काकूंचा मुद्दा रास्त होता.

तिसरी, काकांची: परसदार चाऱ्याखाली आणायचं.

चौथी काकूंनी सुचवली. बेड आहे तिथेच ठेवायचा, पण आत विटांचा आडवा बांध घालून एकाच टोकाचा चार फुटांचा भाग वापरायचा. "बाकीच्यात काय?" या प्रश्नाला तेव्हा कोणाकडेच उत्तर नव्हतं.

चाऱ्याचा हिशेब

तिसऱ्या वाटेवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण काकांचं मन तिथे होतं आणि बँकवाल्याला आकड्यांशिवाय काही पटत नाही.

आधी बेडचा आकार. १२ × ४ × २ म्हणजे ९६ घनफूट. दाबून भरला तर टन-सव्वा टन माल मावतो. घरातून महिन्याला निघणार साडेतेरा किलो. या गतीने एक टन व्हायला सहा वर्षं लागली असती, आणि तेही कचरा कुजून आक्रसत नाही असं धरलं तर.

मग परसदार. बेड, कपडे वाळत घालायची जागा आणि पायवाट सोडून लागवडीला फार तर १०० चौरस फूट उरत होती. हिरवळीच्या खताच्या, म्हणजे हिरवी असतानाच जमिनीत गाडायच्या, पिकांत ताग हा उत्पादनाला चांगला. हेक्टरी १५ ते २० टन हिरवा पाला दीड-दोन महिन्यांत देतो. म्हणजे चौरस मीटरला दीड-दोन किलो. १०० चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. म्हणजे दोन महिने पाणी घालून, निगा राखून हाती येणार पंधरा ते अठरा किलो. त्यातही बहुतेक भाग पाणी.

काकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दोन महिन्यांच्या शेतीतून एका महिन्याच्या स्वयंपाकघराएवढं?"

तेवढंच. त्यात आणखी एक मेख होती. हा चारा वाढणार कशावर? याच बेडमधल्या खतावर. गांडुळं खतात नवीन पोषणद्रव्य निर्माण करत नाहीत. आहे ते झाडाला घेता येईल अशा रूपात आणून देतात. अळू-कर्दळीने जमिनीतून पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद (फॉस्फरस) उचलायचं, ते बेडमध्ये जायचं, तिथून परत अळूच्या बुडाशी. या फेऱ्यात बाहेरून भर पडते ती दोन गोष्टींची. पानं हवेतून कार्बन घेतात, आणि ताग-गिरिपुष्पासारखी शेंगवर्गीय झाडं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र (नायट्रोजन) घेतात. बाकी परसदारात जी काही खरी आवक आहे ती मंडईतून पिशवीत येणाऱ्या भाजीची.

नत्राची मात्र या बेडला गरजच नव्हती. स्वयंपाकघरातला कचरा मुळात नत्राने भरलेला आणि ओला. त्याला जोड हवी ती कोरड्या, कार्बन जास्त असलेल्या मालाची: वाळका पाला, पुठ्ठा, लाकडाचा भुसा. हिरवा चारा घालणं म्हणजे ओल्यात ओलं. आणि कोरडा माल तर दाराबाहेर पडला होता. फेब्रुवारी ते एप्रिल ही पुण्यातल्या रस्त्यांवरच्या पानगळीची वेळ. रेन ट्री, सोनमोहर, गुलमोहर यांची बारीक पानं पोत्यांनी निघतात. रस्ता झाडणाऱ्या मावशींना ती न्यायला कोणी भेटलं तर हवंच असतं.

हा पहिला निर्णयाचा क्षण. बेडच्या रिकाम्या आठ फुटांत काय, याचं उत्तर तिथेच मिळालं: पालापाचोळा साठवायचा आणि भिजवून ठेवायचा.

झाडं लावायचीच नाहीत, असं मात्र मी म्हटलं नाही. फक्त प्रश्न बदलला. 'किलोने चारा किती मिळेल' हे बाजूला ठेवून आम्ही विचारलं की बेडला वर्षभरात कधी, कशाची अडचण येते आणि ती कोणतं झाड सोडवतं. उत्तरं तीन आली. दुपारची सावली. बेडच्या कोपऱ्यातल्या जाळीतून झिरपणारं पाणी पिऊन टाकणारं काहीतरी. आणि घरात कोणी नसताना तीन-चार आठवडे पुरेल असं, सावकाश कुजणारं, पाणी धरून ठेवणारं अन्न. तिन्हीला एकच झाड चालत होतं. केळ.

काय केलं

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बांध घातला. विटा नुसत्या रचल्या, सिमेंट लावलं नाही, म्हणजे गांडुळांना वाटलं तर फटींतून पलीकडे जाता येईल. सगळा जुना माल चार फुटांत गोळा केल्यावर थराची उंची सव्वा फुटाच्या आसपास गेली, आणि एवढ्या एका बदलाने ओल टिकायला लागली. मुठीत दाबल्यावर पाण्याचा एखाद-दुसरा थेंब निघावा, धार लागू नये, ही खूण काकूंनी पहिल्याच दिवशी हाताशी पक्की केली. चहाचा चोथा गाळण्यातच नळाखाली धुऊन मग घालायचा, हेही ठरलं. मुंग्या दोन आठवड्यांत हटल्या.

लिंबाच्या साली, लसूण-कांद्याची टरफलं आणि मिरचीचे देठ गांडुळांच्या भागात जाईनासे झाले. ते थेट पाल्याच्या भागात. तिथे महिना-दोन महिने कुजून त्यांचा तिखट-आंबटपणा गेला की मग पुढे.

पाल्याची पोती येऊ लागली. यात एक बारकावा कामाचा आहे. रेन ट्री आणि गुलमोहराच्या पर्णिका नखाएवढ्या, त्या लवकर मऊ पडतात. आंबा, फणस, देशी बदाम आणि उंच अशोकाची पानं चामड्यासारखी, ती वर्षभर तशीच राहतात. काकांनी सुरुवातीला सगळं एकत्र भरलं. पुढे त्यांनी मावशींनाच सांगून ठेवलं, "शाळेच्या कोपऱ्यावरच्या झाडाचा पाला तेवढा आणा."

नारळाच्या शेंड्या कमी पडल्या म्हणून कोकोपीटची वीट आणली. हलक्या प्रतीच्या कोकोपीटमध्ये मीठ राहिलेलं असतं. दोन वेळा भिजवून, पाणी फेकून मगच ते बेडमध्ये घेतलं.

झाडांचं असं झालं. पश्चिमेच्या बाजूला, जाळीच्या कोपऱ्याशी केळीचे दोन मुनवे (बुडाशी फुटणारी पिलं) लावले. इमारतीच्या सावलीत अळू आणि कर्दळ. गिरिपुष्पाच्या काठ्या पाऊस सुरू झाल्यावर रोवायच्या म्हणून थांबवल्या. शेवगा रद्द केला. त्याचा पाला गांडुळांना चालतो, पण या परसदारात तो भिंतीला जड झाला असता. भोपळ्यावरून काका हटले नाहीत, भोपळा लागला. बेडमधलं पहिलं खत सगळं त्यानेच खाल्लं, वेल शेजाऱ्यांच्या कंपाउंडवर गेला, दोन भोपळे आले आणि त्यांची भाजी झाली. गांडुळांच्या वाट्याला बियांसकटचा गर. तो मात्र त्यांना फार मानवला. दुसऱ्याच दिवशी सालीच्या वाटीखाली हात घातला तर नुसती वळवळ.

पावसाळ्यातली रात्र

जूनमध्ये वळवाचा जोरदार पाऊस झाला, त्या रात्री काकूंचा फोन आला. स्वयंपाकघराच्या दाराखालून गांडुळं आत येत होती. बेडच्या बाहेरच्या कापडावर, भिंतीवर, बादलीच्या कडेवर, सगळीकडे.

बेडमध्ये पाणी शिरलं असणार, हा पहिला अंदाज. थोडं शिरलंही होतं. पण टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर बाहेर पडलेली बहुतेक सगळी एकाच प्रकारची होती: सडपातळ, जांभळट, उजेडात पाठीवर निळसर चमक, हात लावताच झटक्याने पळणारी. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. ही आपल्याच भागातली जात. खत चांगलं करते, पण वादळी, दमट हवेत घोळक्याने बाहेर पडायची तिची खोड प्रसिद्ध आहे. अंगावर पिवळसर वळी असलेली आयसेनिया आतच होती, वरच्या थरात दाटीने. विकत आणलेल्या दोन किलोंत किमान तीन जाती मिसळलेल्या होत्या. मोठी, जाडसर आफ्रिकन युड्रिलसही त्यात होती.

इथे पटकन ठरवायचं होतं. काकांचं म्हणणं होतं की बाहेर पडलेली गोळा करून परत टाकू. तशी ती पहाटेपर्यंत पुन्हा बाहेर आली असती. आम्ही तीन गोष्टी केल्या. बेडवर ताडपत्रीचा उतार केला. वरच्या थरावर पुठ्ठ्याचे कोरडे तुकडे पसरले. आणि परसदारातला दिवा रात्रभर चालू ठेवला. गांडुळांना उजेड सोसत नाही. दिवा असला की ती वर येत नाहीत. पुढच्या आठवडाभर रोज रात्री दिवा जळत राहिला. बाहेर पडलेली सुपात भरून काकूंनी कुंड्यांमधून न टाकता अळूच्या वाफ्यात सोडली. तिथे ओलावा असतो आणि पडलेली पानंही.

ताडपत्रीऐवजी पुढे पत्र्याचं छोटं छप्पर झालं. गिरिपुष्पाच्या चार काठ्या याच पावसात रोवल्या, दोन जगल्या. तागही एकदा पेरला, फुलं येण्याआधी कापला. भरलेल्या घमेल्याने काका खूश होते, पण वजन करून झाल्यावर त्यांनी पुन्हा ताग पेरायचं नाव काढलं नाही.

तागाच्या वेळची एक गोष्ट नोंदवण्यासारखी. कापलेला पाला ताजा, जाड थराने बेडमध्ये गेला असता तर शेणासारखाच तापला असता. तो दोन दिवस सुकवून, मग पाल्याच्या भागात मिसळून पंधरवडाभर ठेवला. गिरिपुष्पाच्या पानांनाही तेच लागू.

गौरी-गणपती

सगळं सुरळीत चाललं होतं. गौरी जेवल्या, मुलगा-सून आले, घरात पंधरा-वीस पानं उठली. उरलेला वरणभात, कटाची आमटी, पुरणाचा थोडा भाग आणि निर्माल्य हे सगळं कोणीतरी 'ओला कचराच आहे' म्हणून बेडमध्ये घातलं. झाकण लावलं. चार दिवस कोणी पाहिलं नाही.

उघडल्यावर आंबूस वास. वरची काही गांडुळं सुस्त, आणि त्यांच्या अंगाला जागोजागी आवळल्यासारख्या गाठी आलेल्या, मधे मधे फुगीर, मण्यांच्या माळेसारखी. डाळ-तांदळासारखं प्रथिनं आणि पिष्ट असलेलं शिजलेलं अन्न भरपूर पडलं की ते आंबतं, बेड आम्लधर्मी होतो आणि गांडुळांच्या पोटात अन्न फसफसतं. गाठी आलेली वाचत नाहीत. बाकीची वाचवायची असतात.

पर्याय दोन होते. सगळा बेड रिकामा करून नव्याने मांडायचा, किंवा बिघडलेला भाग काढून उरलेल्याला वेळ द्यायचा. बेड रिकामा केला असता तर आतले कोषही गेले असते. आम्ही दुसरा पर्याय घेतला. अन्न असलेला वरचा थर फावड्याने उचलून परसदाराच्या टोकाला खड्ड्यात पुरला. उरलेला माल हलक्या हाताने मोकळा केला, म्हणजे हवा जाईल. भिजवलेला पाला आणि पुठ्ठा भरपूर मिसळला. दहा दिवस नवीन अन्न काहीही नाही.

आम्लता उतरवायला अंड्याच्या टरफलांची पूड उत्तम. ती कॅल्शियम कार्बोनेटच असते. पण हे शाकाहारी घर. कळीचा चुना घालू का, असं काकांनी विचारलं. तो जहाल, गांडुळं भाजून निघतात. शेवटी कोपऱ्यावरच्या अंडाभुर्जीवाल्याकडून पिशवीभर टरफलं आली. काकूंच्या अटी दोन: घरातून न्यायची नाहीत, आणि कुटायला घरातला खलबत्ता नाही. काकांनी ती बाहेरच्या जिन्याने गच्चीवर नेली, धुऊन उन्हात वाळवली आणि विटेने कुटली. तेव्हापासून महिन्यातून एकदा मूठभर पूड बेडवर पडते. भुर्जीवाला आता स्वतःच पिशवी बाजूला काढून ठेवतो.

निर्माल्यातल्या दूर्वा, बेल, झेंडूच्या पाकळ्या चालतात. दोरा, टाचण्या, चमकीचे हार आणि गुलाल नाही. ते निवडायला सणाच्या गडबडीत कोणाला वेळ नसतो, म्हणून निर्माल्य आता थेट पाल्याच्या भागात जातं आणि सवडीने निवडलं जातं.

निष्पत्ती

डिसेंबरात केळीचा पहिला घड उतरला आणि खांब तोडला. काकांच्या मूळ योजनेतला चारा खऱ्या अर्थाने हाती आला तो त्या दिवशी. एका खांबाचं वजन पंचवीस किलोच्या आसपास भरलं. हातभर लांबीचे तुकडे करून, उभे चिरून, चिरलेली बाजू खाली करून बेडवर पालथे मांडले. महिन्याने एक तुकडा उलटून पाहिला. खांबाच्या आतल्या जाळीदार पोकळ्यांत, प्रत्येक कप्प्यात पिल्लं होती, दोऱ्याएवढी बारीक, पांढुरकी. कडेला कोष, मोहरीहून थोडे मोठे, दोन्ही टोकांना निमुळते. ताजे पिवळट, उबवणीला आलेले लालसर. एका कोषातून दोन-तीन तरी पिल्लं निघतात. गांडुळांची संख्या फेब्रुवारीच्या तुलनेत कितीतरी वाढली होती, आणि ती वाढली रोजच्या डब्यावर आणि रस्त्यावरच्या पाल्यावर.

वर्षभरात खत निघालं पाच गोण्या, शंभर-सव्वाशे किलो. गच्चीतल्या कुंड्यांना पुरून उरलं. विकतचं खत बंद झालं. करसवलतीचा अर्ज काकांनी रीतसर भरला.

सगळं जमलं असं नाही. घुशीने बेडचं कापड एका बाजूने कुरतडलं, तिथे जाळी आणि विटा लावाव्या लागल्या. गिरिपुष्पाची दोन झाडं वर्षानंतरही कमरेएवढीच. कर्दळ मात्र इतकी फोफावली की दर महिन्याला कापावी लागते.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. या घरात आधी गांडुळं आली, मग पाला, मग झाडं. तो उलटा असता तर बरेच हाल टळले असते. जूनमध्ये केळीचे मुनवे आणि गिरिपुष्पाच्या काठ्या लावायच्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला भरून भिजवून ठेवायचा, पुढचा पावसाळा ओसरला की गांडुळं आणायची. नोव्हेंबरात काकांनी गांडुळं आणली ती वेळ योग्यच होती. त्यांच्यासाठी काही तयार नव्हतं एवढंच. पण सगळ्यांना दीड वर्ष थांबायचा धीर नसतो, हेही मला कळतं. निदान पाला तरी आधी.

गांडुळं दोन किलोऐवजी पाव किलो पुरली असती. कोषातून पिल्लू निघायला तीन आठवडे, पिल्लू वयात यायला सहा ते आठ आठवडे. वर्षभरात ती घराच्या कचऱ्याला हवी तेवढी होतात. विकत घेताना जात विचारावी, आणि मूठभर माल पांढऱ्या थाळीत ओतून स्वतः पाहावं. वळी असलेली संथ आणि निळसर चमकणारी चपळ, एवढा फरक कोणालाही दिसतो. स्वयंपाकघराच्या दारापासून तीन फुटांवर बेड असेल तर पेरिओनिक्स मी घेणार नाही. शेताच्या बांधावर जरूर घेईन.

चाऱ्याबद्दल माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं आहे. दोन-चार माणसांच्या घराने गांडुळांसाठी म्हणून वेगळी लागवड करू नये. जी झाडं एरवीही हवी आहेत त्यांतली केळ, अळू, कर्दळ यांसारखी निवडावीत आणि त्यांचं उरलेलं बेडला द्यावं. काकांना हे अजून पूर्ण मान्य नाही. त्यांचा सध्याचा बेत अझोलाचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक नेच्याचा आहे. जुन्या टाकीत तो थोड्याच दिवसांत दुप्पट होतो, हे खरं आहे, नत्रही भरपूर. पण तो पुन्हा ओला आणि नत्राचाच माल. टाकी कुठे ठेवायची यावर काकूंशी बोलणी चालू आहेत.

त्याआधी एक गोष्ट ठरायची आहे. एप्रिलमध्ये दोघं महिनाभर बंगळूरला जाणार. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला डबा घालायला सांगितलं होतं आणि त्याने रोज प्रेमाने नको इतकं पाणी घातलं. यंदा दुसरा खांब तोवर तुटेल असा अंदाज आहे. त्याचे तुकडे, वर सहा इंच भिजलेला पाला, त्यावर दुहेरी ओलं गोणपाट, आणि मुलाला एकच काम: आठवड्यातून एकदा फक्त गोणपाटावर झारीने पाणी शिंपडायचं, झाकण उघडायचं नाही. घड वेळेवर उतरला नाही तर मात्र काकूंना हा खांब आधीच तोडावा लागेल, आणि त्याला त्या तयार नाहीत.